मुलाखतींचा हंगाम

दसरा झाला की आमच्या डहाणूचा वारा बदलतो. पहाटे डोंगराकडून कोरडी मतलई सुटते आणि पावसाळाभर दमट राहिलेल्या कपड्यांना पहिल्यांदा करकरीतपणा येतो. दुपारी वारा पुन्हा समुद्रावरून फिरला, की त्याच्याबरोबर बोंबलांचा वास गावात शिरतो. नरपडपासून खाली वरोरपर्यंत किनाऱ्यावर मासळी सुकवायचे बांबूचे मांडव उभे राहिलेले असतात. वलांडी म्हणतात त्यांना. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोड्या टांगलेल्या असतात. ऊन चढेल तसे ते काचेसारखे आरपार दिसू लागतात, मग पिवळट होतात, मग कडक. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. मला मात्र त्या वासाची कधी किळस आली नाही. त्यात मीठ असतं, उन्हात वाकलेल्या बायकांचे कष्ट असतात, पुढच्या पावसाळ्याची बेगमी असते.

किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि नेमकी याच दिवसांत ती घशाशी येते. यंदाही जगात कुठेतरी लढाई चालू आहे. आमच्या घरात दिवसभर टीव्ही लागलेला असतो. काल एक बाई दिसली. मागे पडलेलं घर, केसांत धूळ, आणि तिच्या तोंडापुढे कुणीतरी माइकचा दांडा धरलेला. तुम्हाला या क्षणी काय वाटतं, असं तिला विचारत होते. मी उठून मागच्या पडवीत गेले. सुनेला वाटतं, सासूबाईंना लढाई बघवत नाही. लढाई बघवत नाहीच. पण मी उठले ती त्या दांड्यामुळे.

पासष्ट सालचे ते दिवस मग पुन्हा समोर येतात. मी तेव्हा डहाणूच्या शाळेत शिक्षिका होते, लग्न व्हायचं होतं. आमचं घर नरपडच्या वाटेवर, चिकूच्या वाडीत. वाडीच्या एका अंगाला मच्छीमारांची घरं, आणि वाडीत कामाला डोंगराकडची माणसं. त्यामुळे किनाऱ्याची बोली आणि डोंगराची बोली, दोन्ही कानांवर पडतच मी मोठी झाले. बाजारात गुजराती, शाळेत पुस्तकी मराठी. एवढ्या भाषा येतात म्हणून तेव्हा मला मोठा अभिमान होता.

लढाई लागली तेव्हा शाळेच्या खिडक्यांच्या काचांना आम्ही काळा कागद चिकटवला. खळ कमी पडली तेव्हा भाताची पेज वापरली, तिला मुंग्या लागल्या. भर दुपारी वर्गात संध्याकाळ व्हायची आणि मुलं कागदाच्या भोकांतून येणाऱ्या उन्हाच्या रेषा तळहातावर झेलत बसायची. स्टेशनवरून सैनिकांच्या गाड्या जायच्या. लोक फलाटावर केळी, चिकू, भजी घेऊन धावायचे. ते मला खरंच मनापासून आवडायचं. त्या गाडीतली पोरं खिडकीतून हात बाहेर काढून ते घेत.

पण स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात दुसरीच लढाई चालायची. तिथे रोज तीच माणसं बसत. कुणी वखारवाला, कुणी पेन्शनर, कुणी नुसताच रिकामा. एका कपात लाहोर घ्यायचे, दुसऱ्यात चीनला धडा शिकवायचे. अमेरिका काय करील, रशिया काय करील, हे त्यांना घरच्या भांडणासारखं माहीत असायचं. बोलताना ओठांच्या कडेला पांढरा फेस जमायचा आणि तो पुसायचीही त्यांना सवड नसे. त्या दुकानावरून जाताना मी पदर नाकाला लावायची. समोरून कुणी मासळीची पाटी घेऊन येत असेल तर बघणाऱ्याला वाटे, बाईंना वास सहन होत नाही.

आमच्या शेजारी रेवा राहायची. माझ्याच वयाची, एक लहान मुलगी होती तिला. तिचा नवरा नारण दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली की सौराष्ट्राकडे जायचा. तिकडच्या मोठ्या मचव्यांवर आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ माणसं खलाशी म्हणून जात आणि शिमग्याला परत येत. त्या वर्षीही तो गेला. मग लढाई लागली आणि त्याचा मचवा बंदरात परतला नाही. तिकडे गेलेल्या गावच्याच एका खलाशानं घरी निरोप आणला: मचवा पश्चिमेला दिसला होता, पाकिस्तानच्या हत्यारबंद लाँचनं ओढून नेला असं कुणी म्हणतं, बुडाला असंही कुणी म्हणतं. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेवा रोज संध्याकाळी वर्तमानपत्र ऐकायला आमच्या पडवीत येऊन बसे. तिला वाचता येत नव्हतं. मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची. विमानं, रणगाडे, मोठ्या देशांचे इशारे, कुठल्याशा मुत्सद्द्यानं कुठल्याशा पत्रकाराला दिलेली मुलाखत. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून सगळं ऐके. शेवटी विचारी, मचव्याचं काय नाय? मी नाही म्हणे. मग ती मुलीला उचलून घरी जाई. लढाई थांबल्याची बातमी मी वाचली त्या दिवशीही तिनं तेवढंच विचारलं.

लढाई थांबली आणि मुलाखतींना ऊत आला. गावात एक वकील होते. वकिलीपेक्षा पुढारीपणाची हौस दांडगी, कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत. त्यांच्या ओळखीचा एक बातमीदार मुंबईच्या एका मराठी साप्ताहिकात होता. गोरागोमटा, मृदू बोलणारा, बोटांवर शाईचे डाग मिरवणारा. लढाईबद्दल, शस्त्रसंधीबद्दल, जगाच्या राजकारणाबद्दल साध्या माणसांना काय वाटतं, अशा मुलाखती त्याला घ्यायच्या होत्या. इकडच्या बोली त्याला कळेनात, म्हणून वकीलसाहेब आमच्या हेडमास्तरांकडे आले आणि मला दोन दिवस मोकळं करून घेतलं. मला ते चांगलं काम वाटलं. लोकांचं म्हणणं छापलं जाणार, यात वाईट काय असणार?

पहिल्या दिवशी वकिलांच्या जीपमधून आम्ही तलासरीच्या बाजाराला गेलो. हमरस्त्यावरून लष्करी ट्रक परत चालले होते, त्यांच्या धुळीत बाजार बसला होता. तिथल्या एका कापडवाल्यानं, गुजराती आणि मराठीची सरमिसळ करत, मोठमोठ्या देशांच्या कारस्थानांवर व्याख्यानच दिलं. बोलता बोलता तो बांगडीवाल्या बाईची टोपली पायानं बाजूला सारत होता. बातमीदारानं त्याचा शब्द न् शब्द उतरवून घेतला.

तिथून सायवनला गेलो. भात पिकून उभं होतं, बांधावर नाचणीची कणसं वाकली होती. तिथला देवू म्हणून एक शेतकरी कोरड्या दिवसांत आमच्या वाडीत कामाला यायचा. मी त्याच्याकडेच नेलं. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, काकडी कापून मीठ लावून दिली. बातमीदारानं विचारलं, शस्त्रसंधी केली ते बरोबर झालं का? देवूनं शेताकडे पाहिलं आणि म्हणाला, “लढाई थांबली तं बेस झालं. पोरां घरां येतील.”

बातमीदारानं पेन उचललंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, हे काही खास नाही, त्याला विचारा पाकिस्तान कुठे आहे. मी म्हटलं, ते मला शाळेत मुलांना विचारायला सांगा, यांना कशाला? तो हसला. मग त्यानं स्वतःच विचारलं, हातानं खुणा करत, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं. देवूला प्रश्न कळला, त्यामागचं हसूही कळलं. तो नुसता मान खाली घालून काकडीच्या साली गोळा करू लागला. तेव्हा मात्र बातमीदारानं भराभर लिहिलं. जीपमध्ये बसल्यावर वकीलसाहेब म्हणाले, वा, मजा आली. देवूची काकडी माझ्या तोंडात अजून होती. ती गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरपड. आदल्या संध्याकाळी वकिलांच्या कारकुनानं रेवाकडे निरोप दिला होता: उद्या सकाळी तुझी मुलाखत ठेवली आहे, तयार राहा. एवढंच सांगून तो सायकलवरून निघून गेला. मी सायवनहून दमून आले होते, तिच्याकडे गेले नाही.

सकाळी जीप थांबली तेव्हा रेवा दारात उभी होती. लग्नातलं हिरवं लुगडं, तेल लावून चोपलेले केस, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, कपाळावर ठसठशीत कुंकू. मुलीला नवा परकर. काखेत एक गाठोडं. मला वाटलं, फोटो निघणार म्हणून नटली. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाय, लांब हाय का गं? पोरीला आगगाडी लागते.”

मला काही उमगेना. गाठोड्यातून सुक्या मासळीचा आणि गुळाचा वास येत होता. नारणचा धुतलेला सदरा वर दिसत होता. आणि मग एकदम उमगलं. गुजरातीत मुलाकात म्हणजे भेट. आमच्या किनाऱ्यावर अर्धे शब्द तिकडचेच. तुझी मुलाखत ठेवली आहे, हे ऐकून तिला वाटलं होतं, नारण सापडला. तुरुंगात असेल, कुठेही असेल, पण साहेब आपल्याला त्याच्या भेटीला नेणार आहेत. ती रात्रभर झोपली नव्हती.

ते मलाच सांगावं लागलं. मी तिला घरात नेऊन सांगितलं, ही तशी मुलाखत नाही, हे पेपरवाले आहेत, तुला काही विचारतील आणि छापतील. तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. गाठोडं उचलून फळीवर ठेवलं, मुलीचा परकर सोडून रोजचा घातला. स्वतःचं लुगडं बदलायला गेली आणि मग थांबली. म्हणाली, छापतील तर त्याचं नाव छापतील का? मचव्याचं छापतील का? तिकडं कुणी वाचलं तर कळंल तरी, यांची घरची माणसं हायेत म्हणून.

मी बाहेर येऊन बातमीदाराला सगळं सांगितलं: तिचा काय गैरसमज झाला होता ते, आणि ती बोलायला तयार आहे ते एवढ्याच अटीवर की नारणचं नाव आणि मचव्याचं नाव छापून यावं. त्याचे डोळे चमकले. मला तेव्हा वाटलं, कळवळ्यानं. नक्की छापू, तो म्हणाला. हातावर हात मारून वचन दिलं.

आम्ही वलांडीपाशी उभे राहिलो. रेवाच्या वाटणीचे ओले बोंबील टोपलीत खोळंबले होते, ती बोलता बोलता टांगू लागली. हिरव्या लुगड्यावर चिकट पाण्याचे डाग पडत होते. तो विचारायचा, मी सांगायची, ती उत्तर द्यायची. नवऱ्यानं देशासाठी प्राण दिले असतील तर अभिमान वाटेल का? ती म्हणाली, तो मेला असं कुणी पायलं? शत्रूचा सूड घ्यावासा वाटतो का? ती म्हणाली, मना तो घरी पायजे. सरकारनं लढाई थांबवायला नको होती असं वाटतं का? यावर ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली आणि थेट त्यालाच म्हणाली, “तुमी मुंबईचे. धरलेली माणसं कवा सोडतील, ते तुमी इचारा कुणाला तरी. मना काय इचारता?”

ते मी जसंच्या तसं सांगितलं. सांगण्याची गरजही नव्हती. त्यानं मान डोलावली, मग फोटोसाठी तिच्या हातात कोयता द्यायला सांगितला. मासळी कापायचा कोयता दारात पडलाच होता. ती म्हणाली, बोंबलाला कोयता कशाला? वकीलसाहेबांनी तो उचलून तिच्या हातात कोंबला आणि म्हणाले, अगं, जरा वर धर. तिला वाटलं, फोटो निघाला तरच नाव छापतील. तिनं वर धरला.

दिवाळीच्या आधी अंक आला. वकिलांनीच गठ्ठा मागवून गावात वाटला. मधल्या पानावर रेवा, हातात कोयता, खाली मोठ्या अक्षरांत: मी नवरा दिला, उद्या मुलगाही देईन. मजकुरात होतं की वीराच्या हौतात्म्याची वार्ता ऐकून ही कोळीण नववधूसारखी नटली. तिचं ते लुगडं, तो अबोलीचा वळेसर, सगळं होतं. रेवाला मुलगा नाही, हे नव्हतं. मचव्याचं नाव नव्हतं. नारणचं नाव नारायणराव असं काहीतरी केलेलं. पलीकडच्या पानावर कापडवाल्याचा फोटो आणि देवूचा किस्सा: जगात कुठे लढाई आहे हेच ठाऊक नसलेला डोंगरातला आनंदी माणूस.

मी ते रेवाला वाचून दाखवलं. लपवणं शक्य नव्हतं, कारण दुपारपर्यंत सगळं नरपड तिच्या दारात होतं. छापलंय म्हणजे खरं असणार, मुंबईच्या लोकांना वरून कळलं असणार. नारणच्या आईनं हंबरडा फोडला. म्हाताऱ्या बायका रेवाच्या भोवती बसल्या आणि बांगड्यांचा विषय निघाला. रेवानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि भिंतीला पाठ लावून बसली. मी ओरडून ओरडून सांगितलं की हे खोटं आहे, मी तिथे होते. नारणची आई म्हणाली, तूच तर सांगत होतीस त्याला. त्यानंतर कितीतरी दिवस म्हातारी माझ्याशी बोलली नाही, आमच्या विहिरीवर पाण्यालाही आली नाही.

देवूचं वेगळं झालं. डहाणूच्या बाजारात त्याला लोक हटकू लागले, काय देवू, लढाई कुठे रे? तो पहिल्यांदा हसला असेल. मग बाजाराला यायचा बंद झाला. त्या वर्षी वाडीतही कामाला आला नाही, भाऊ आला. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, त्याला लाज वाटते. लाज देवूला वाटावी, याची शिसारी मला आजही येते.

वकीलसाहेब मात्र रंगात आले होते. त्यांनी शाळेच्या पटांगणात रेवाचा सत्कार ठरवला. ती जाणार नाही म्हणत होती. मग म्हणाली, जाते. तिथं मोठी माणसं येतील ना, त्यांना सांगते. भर दुपारी मांडव घातला, चहाच्या दुकानातले सगळे योद्धे पहिल्या रांगेत. भाषणं झाली. एकानं पाकिस्तान नकाशावरून पुसला, दुसऱ्यानं अमेरिकेला खडसावलं. रेवा खुर्चीच्या कडेवर बसली होती, तिला खुर्चीची सवय नव्हती. नारळ झाला, साडी झाली. मग वकिलांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मला शेजारी उभं केलं.

तिनं तयारी केली होती. सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, “माझा नवरा मेला नाय. तो धरलेला हाय. त्याचं नाव नारण...”

पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. टाळ्या सुरू झाल्या. वकिलांनी सुरू केल्या की पहिल्या रांगेनं, ते मला सांगता येणार नाही, पण त्या थांबेनात. तिचे ओठ हलत होते, मी तिच्या अगदी जवळ होते, मलाही मचव्याचं नाव ऐकू आलं नाही. कुणीतरी घोषणा दिली, मांडव गरजला. तिनं एकदा थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा ध्वनिक्षेपक तिच्यापुढून काढून घेतलेला होता. तिनं साडी आणि नारळ खुर्चीवर ठेवला आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली. लोकांनी वाट करून दिली, तिच्या पाया पडले. तिच्या मागोमाग जाताना ते हात माझ्या लुगड्याला लागत होते आणि मी लुगडं आवरून घेत होते.

किळस ही मोठी चमत्कारिक भावना आहे. राग बोलून टाकता येतो, दुःख रडून जातं. किळस अंगावर राहते. सत्कारानंतर कितीतरी दिवस मला लोकांनी जेवताना केलेला आवाजही सोसत नसे. वर्गात मुलांना निबंध द्यायची वेळ आली, विषय होता देशप्रेम. फळ्यावर तो शब्द लिहिताना हात थांबला. शब्दाचा काही दोष नव्हता. फलाटावर चिकू घेऊन धावणाऱ्यांचाही तोच शब्द होता. पण कुणीतरी तो चघळून पुन्हा ताटात ठेवला होता, आणि उष्टं खायची माझी तयारी नव्हती. मी विषय बदलला, माझे आजोळ.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला गेले ते थेट त्या साप्ताहिकाच्या कचेरीत. बातमीदारानं ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, तुम्ही खोटं छापलंत. तो जराही रागावला नाही. म्हणाला, बाई, शब्द महत्त्वाचे नसतात, भावना महत्त्वाची. तिला जे सांगता आलं नाही ते मी सांगितलं. मी म्हटलं, तिला सांगता येत होतं, तुम्हाला ते नको होतं. मग मी तिची अट आठवण करून दिली, नारणचं नाव आणि मचव्याचं नाव आता तरी छापा म्हटलं. तो म्हणाला, तो विषय आता मागे पडला, आता धान्यटंचाई चालू आहे. तुमच्याकडे कुणी उपाशी वगैरे आहे का? चहावर साय धरली होती. मी तो तसाच ठेवून उठले.

मग मी आणि रेवा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागलो. मामलेदार, बंदरावरचे अधिकारी, जिथे कुणी सुचवेल तिथे. कुणी नीट बोललं, कुणी बसवून ठेवलं. एका अधिकाऱ्यानं, देव त्याचं भलं करो, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मचव्याचं नाव दोनदा विचारलं. फक्त एवढ्यानं रेवा त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली. बांगड्या तिनं उतरवल्या नाहीत. सासू बोलायची, गाव बोलायचं. कुंकू लावून ती मासळी विकायला निघाली की काही बायका तोंड फिरवत.

हिवाळ्यात दोन्ही देशांचा करार झाला, कैद्यांची अदलाबदल होणार असं छापून आलं. त्यानंतरही पुष्कळ दिवस काही घडलं नाही. शिमग्याच्या थोडं आधी एका दुपारी नारण स्टेशनावरून चालत आला. डोकं भादरलेलं, अंगात दुसऱ्याचा सदरा, पायांत काही नाही. वाटेत चहाच्या दुकानावरून आला असणार, पण त्याला कुणी ओळखलं नाही. मुलीनं आधी पाहिलं आणि ती घाबरून घरात पळाली. रेवा दारात आली. खाली बसून त्याच्या पायांवर तांब्यातलं पाणी ओतू लागली, आणि पाणी संपलं तरी तांब्या तसाच धरून बसली. नारणची आई बाहेर आली, आणि मग ती सून आणि मुलगा दोघांनाही धरून जे रडली, ते ऐकून आम्ही वाडीतून धावत गेलो.

गावाला आनंद झाला, नाही कसं म्हणू? नरपडनं त्या दिवशी जेवणाच्या पंगती घातल्या. पण डहाणूच्या काही मंडळींची पंचाईत झाली. सत्कार केलेला हुतात्मा स्टेशनावरून अनवाणी चालत येतो म्हणजे काय? चहाच्या दुकानात कुजबुज सुरू झाली की सोडला कसा, तिकडे काही सांगून तर आला नाही? मेलेला नारण त्यांच्या उपयोगाचा होता. जिवंत नारण त्यांना अडचणीचा झाला. वकीलसाहेब रस्त्यात दिसले की त्याला ओळख देत नसत.

एक दिवस मात्र ते स्वतःच नरपडला आले, जीप घेऊन, आणि बरोबर तोच बातमीदार. मी रेवाच्या ओट्यावर मुलीला अक्षरं गिरवायला शिकवत होते. बातमीदार माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला, जणू मधे काही झालंच नव्हतं. शत्रूच्या तुरुंगातून सुटलेल्या वीराची मुलाखत घ्यायची होती. करार योग्य झाला का, शत्रूनं कसे हाल केले, पुन्हा लढाई व्हावी असं वाटतं का. प्रश्न त्यानं लिहूनच आणले होते.

नारण आतल्या खोलीत जाळं विणत बसला होता. दार अर्धवट उघडं. त्याला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, त्याच्या हातातल्या सुईचा आवाज थांबला होता. तो तिकडचं फारसं कधी बोलला नाही. एकदाच मला म्हणाला होता की मारणारे होते, आणि आपली रोटी देणारा एक म्हातारा पहारेकरीही होता, आणि बोलायचं तर दोघांबद्दल बोलावं लागेल, म्हणून नकोच.

वकीलसाहेब म्हणाले, नारणला बोलाव, साहेब लांबून आलेत. रेवा दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकून. तिच्या मनगटांवर हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या होत्या, नव्या. मला वाटलं, ती आता ओरडेल, शिव्या देईल. मासळीबाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. पण ती अगदी हळू बोलली.

“तो मेला ना,” ती म्हणाली. “तुमीच लिवलंत.”

बातमीदार हसायला गेला आणि ते हसू मधेच राहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी काही समजावून सांगेन म्हणून. मी म्हटलं, मराठीतच बोलली ती. वकिलांनी त्याला खूण केली आणि दोघं जीपकडे गेले. वाळूत चाकं फिरत राहिली, निघेनात. कुणी ढकलायला पुढे झालं नाही. शेवटी वकीलसाहेब स्वतः उतरले, धोतर खोचून, आणि मागून जोर लावू लागले.

जीप दिसेनाशी होईपर्यंत रेवा तशीच उभी होती. नवरा मेला, हे जे तिनं सासूपुढे, गावापुढे, भर मांडवातही कबूल केलं नव्हतं, ते आज तिच्याच तोंडून गेलं होतं. ती अंगणात उतरली, वाळूत थुंकली आणि माझ्यापुढे ओंजळ धरली. मी रांजणातून पाणी काढून ओतू लागले. ती चूळ भरत होती आणि टाकत होती, भरत होती आणि टाकत होती. आतून नारणनं हाक मारली, तरी ती थांबली नाही, आणि मीही ओतायची थांबले नाही.